कोळसा वणीचा, प्रकाश मुंबईचा. मग बॅले कोणाचा?

बॅले कंपनीचा हंगाम ही युरोपातील मोठ्या शहरांची जुनी रीत आहे. वर्षातील ठराविक महिने एका नाट्यगृहात मुक्काम करायचा. ‘स्वान लेक’, ‘जिझेल’, ‘स्लीपिंग ब्यूटी’ अशा अभिजात कलाकृती आणि त्यांच्या जोडीला आजच्या माणसाच्या सुखदुःखांविषयी बोलणाऱ्या नव्या रचना आलटूनपालटून सादर करायच्या, असा तिचा परिपाठ. जुन्याने गल्ला भरावा आणि त्या गल्ल्याच्या आधारावर नव्याचे धाडस करावे, असे त्यामागचे साधे अर्थशास्त्र. भारतात अशी कायमची व्यवस्था रुजली नाही. परंतु जगातील मोठे संच उतरू शकतील अशी रंगमंदिरे येथेही उभी राहिली आहेत. मुंबईत १९६९ साली नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स ही संस्था स्थापन झाली, आणि २०२३ च्या मार्चअखेरीस वांद्रे-कुर्ला संकुलात २००० आसनांचे नवे रंगमंदिर एका उद्योगपती घराण्याने उघडले. तेथील वैभवाची छायाचित्रे वणीच्या बसस्थानकावर विकल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांतूनही झळकली.

वणीचा या सगळ्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो विजेच्या तारेइतका प्रत्यक्ष आहे. उकणी, कोलारपिंपरी, जुनाड, राजूर, कुंभारखणी ही नावे या भागातील कोळशाच्या खाणींची आहेत. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरील या खाणपट्ट्याच्या आधारावर चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे महाऔष्णिक वीजकेंद्र उभे आहे. तेथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ पासून वीज वाहून नेते. तिची क्षमता १५०० मेगावॉटची. मुंबईच्या रंगमंचावर नर्तकीच्या पावलाबरोबर सरकणाऱ्या प्रकाशझोतामागे वर्धा खोऱ्यातील माणसाचा घाम आणि त्याच्या फुप्फुसात साचलेली धूळ आहे. प्रकाश तिकडे जातो, राख इकडे राहते. मग त्या प्रकाशात जे काही सुंदर दिसते, त्यावर वणीचा काही हक्क आहे की नाही?

या प्रश्नावर चळवळीतूनच पहिला आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक असेल. यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेली दोन-अडीच दशके देशाला ठाऊक झाले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. कापसाच्या भावासाठी दरवर्षी भांडावे लागते, सोयाबीनचा उतारा घटतो, खाणीत गेलेल्या जमिनीच्या नोकरीसाठी वारसाला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. अशा मुलखात बॅलेची भाषा बोलणे म्हणजे भुकेल्याच्या ताटात फुले वाढण्यासारखे नाही काय? पोट भरल्यावर कला, हा क्रम स्वाभाविक वाटतो. पण इतिहासाने हा क्रम अनेकदा खोटा ठरविला आहे, आणि त्यातील सर्वांत ठळक दाखला याच महाराष्ट्रातला आहे.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली असा अंदाज आहे. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत ‘इप्टा’ची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली. बंगालच्या भुकेची कहाणी गात आणि नाचत तिचे संच गावोगाव फिरले आणि त्यांनी मदतनिधी उभा केला. पुढे अंधेरीला तिचे मध्यवर्ती पथक राहू लागले. उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रातून आलेले शांती बर्धन हे त्याचे नृत्यदिग्दर्शक, आणि तरुण रविशंकर संगीतकार. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ ही तेथे घडलेली नृत्यनाट्ये. ज्याला आज आपल्याकडे बॅले म्हणतात त्या सामूहिक नृत्यनाट्याची एक प्रमुख धारा अशी भुकेच्या पोटी जन्मली आहे. राजदरबाराच्या किंवा शेठजींच्या दिवाणखान्यात नव्हे. स्वतः उदय शंकर यांनी अल्मोड्याच्या काळात ‘लेबर अँड मशिनरी’ ही रचना केली, तिचा विषय यंत्र आणि श्रमिक हा होता.

१९५२ साली मुंबईत शांती बर्धन यांनी ‘लिटल बॅले ट्रूप’ स्थापन केला. क्षयाने शरीर पोखरलेले असताना त्यांनी ‘रामायण’ बसविले. त्यात हाडामांसाचे नर्तक कळसूत्री बाहुल्यांच्या हालचाली करीत. खेड्यातील जत्रेत येणारा बाहुल्यांचा खेळ आणि आधुनिक नृत्यरचना यांचा असा मेळ त्यापूर्वी कोणी घातला नव्हता. अभिजात कोणते आणि नवे कोणते, हा वाद त्या रंगमंचावर आपोआप मिटला. १९५४ साली बर्धन वारले. संच मात्र विखुरला नाही. गुल बर्धन आणि प्रभात गांगुली यांनी तो पुढे नेला, ‘पंचतंत्र’ लोकांसमोर आणले. ‘रामायणा’सह ते अनेक देशांत पोहोचले.

यापुढची हकीकत महाराष्ट्राने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९६४ साली हा संच मुंबई सोडून ग्वाल्हेरला गेला आणि १९८४ साली भोपाळला स्थिरावला. ज्या शहरात तो जन्मला, ज्या राज्याने पुढे सांस्कृतिक धोरणांच्या अनेक घोषणा केल्या, तेथे तो टिकला नाही. गुल बर्धन यांना २०१० साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. भांडवलाच्या राजधानीत रंगमंदिरे बांधता येतात. कलावंतांचा संसार मात्र तेथे चालतोच असे नाही.

तो का चालत नाही, याचे उत्तर अर्थशास्त्रात मिळते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली एका ग्रंथात ते मांडले. ‘स्वान लेक’ची जी मांडणी सर्वमान्य झाली तिचा पहिला प्रयोग १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला झाला. तेव्हा त्यासाठी जितक्या नर्तकी आणि जितके तास लागत, साधारण तितकेच आजही लागतात. हंसांची रांग निम्मी करून किंवा वेग दुप्पट करून उत्पादकता वाढविता येत नाही. उलट वणीच्या ओपनकास्ट खाणीत अजस्र यंत्रे आणि डंपर आल्यावर दर कामगारामागे निघणारा कोळसा कितीतरी पटींनी वाढला. उद्योगात उत्पादकता वाढते तसे वेतनमान चढते, आणि नर्तकालाही त्याच बाजारात भाजी-भाकरी घ्यावयाची असते. त्यामुळे कलेचा खर्च सतत वाढतो, उत्पन्न त्या मानाने वाढत नाही. ही तूट कलावंताच्या आळसाची नव्हे. ती प्रत्यक्ष श्रमाच्या स्वरूपातच आहे. ती भरण्याचे मार्ग तीनच: तिकीट महाग करून कला श्रीमंतांपुरती ठेवणे, कलावंताला अर्धपोटी ठेवणे, किंवा समाजाने ती उचलणे.

पहिला मार्ग बाजाराचा आहे आणि दुसरा आपल्याकडील बहुसंख्य लोककलावंतांच्या नशिबी आला आहे. तिसऱ्याचा पुरस्कार केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने केला होता. त्यांच्या पत्नी लिडिया लोपोकोव्हा या दियागिलेव्ह यांच्या प्रसिद्ध संचातील नर्तिका. महायुद्धाच्या काळात कलांना उत्तेजन देणाऱ्या सरकारी परिषदेचे केन्स अध्यक्ष झाले, आणि तिच्यातूनच ब्रिटनची आर्ट्स कौन्सिल उभी राहिली. २० फेब्रुवारी १९४६ रोजी लंडनचे कोव्हेंट गार्डन ‘स्लीपिंग ब्यूटी’ने पुन्हा उघडले, तेव्हा ब्रिटनमध्ये अन्न आणि कपडे दोन्ही रेशनवर होते. पोट भरल्यावर कला, हा क्रम त्या उद्ध्वस्त देशानेही मानला नाही. तथापि केन्स यांच्या धोरणावर पुढे जी टीका झाली तीही येथे नोंदविली पाहिजे. युद्धकाळात कारखान्यांच्या वस्त्यांत आणि लहान गावांत कलावंत फिरत असत. शांतता आल्यावर पैशाचा मोठा ओघ लंडनच्या भव्य नाट्यगृहाकडे वळला. अनुदान सार्वजनिक झाले, आस्वाद राजधानीचा राहिला.

समाजवादी म्हणविणाऱ्या राजवटींचा अनुभवही दुहेरी आहे. क्रांतीनंतरच्या टंचाईत बोल्शोई रंगमंदिर बंद करावे असे लेनिन यांचे मत होते. ही जमीनदारी संस्कृती आहे, तो पैसा साक्षरतेला द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद. लुनाचार्स्की यांनी तो मानला नाही आणि बोल्शोई वाचले. क्यूबात १९४८ साली अलिसिया अलोन्सो यांनी स्वतःची कंपनी काढली. क्रांतीनंतर सरकारने तिला भरघोस अनुदान दिले, बॅलेच्या शाळा काढल्या, तिकिटे कामगाराच्या आवाक्यात ठेवली. त्या शाळांतूनच एका ट्रकचालकाचा मुलगा, कार्लोस अकोस्टा, लंडनच्या रॉयल बॅलेचा प्रमुख नर्तक झाला. पण त्याच सोव्हिएत व्यवस्थेतून १९६१ साली नुरेयेव्ह आणि १९७४ साली बारिश्निकोव्ह यांनी पलायन केले, आणि क्यूबातील नर्तकही दौऱ्यावरून परत येईनासे झाले. शासनाने कलावंताचे पोट सांभाळले म्हणून त्याची मान शासनाच्या मुठीत असावी, हे लोकशाही समाजवादाला मान्य होण्यासारखे नाही. पैसा समाजाचा आणि निर्णय कलावंताचा, ही मर्यादा पाळली नाही तर रंगमंच प्रचाराची खुंटी होतो.

आता या प्रश्नाची महाराष्ट्रातील बाजू. नवी मुंबईतील एका वेल्डरचा मुलगा, अमिरुद्दीन शाह, २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. त्याच्याबरोबर मुंबईत शिकणारा मनीष चौहान हा टॅक्सीचालकाचा मुलगा. दोघांनाही येहुदा माओर या परदेशातून आलेल्या वृद्ध शिक्षकाने घडविले. त्यांच्या जीवनावरून २०२० साली चित्रपटही निघाला. गुण गरिबाच्या घरी नसतात, या समजुतीला ही सणसणीत चपराक आहे. परंतु तिचा दुसरा अर्थही वाचला पाहिजे. लंडनच्या शिक्षणाचा खर्च लोकांकडून वर्गणी गोळा करून भागवावा लागला. अशी दोन मुले दिसली, कारण एका महानगरात एक शिक्षक भेटला. राजूरच्या खाण कामगाराच्या घरात किंवा मारेगावच्या शेतमजुराच्या झोपडीत तसे पाय असलेले मूल नाही, असे कोण म्हणेल? त्याला पाहणारा डोळाच तेथे नाही.

तिकीट काढून रात्रभर रंगमंचासमोर बसणारा माणूस मात्र वणीपासून दूर नाही. नदीपलीकडे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. धान हाती आले, दिवाळी झाली की तेथे हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे कंपन्यांची कार्यालये. गावे तेथे येऊन प्रयोग ठरवितात. मंडप पडतो आणि रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. तिच्यातील एक ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सरकारी अनुदानावाचून, शेतकऱ्याच्या खिशातल्या पैशावर उभा राहिलेला हा हंगाम पाहिला, म्हणजे खेड्यातील माणसाला कलेची गोडी नाही हे विधान किती उथळ आहे ते कळते. मात्र बाजारावर जगणाऱ्या कलेला बाजाराच्या मागण्याही पुरवाव्या लागतात. नाटकाच्या मध्ये घुसणाऱ्या उत्तान नाचांबद्दल त्या रंगभूमीतील जाणतेच खंत व्यक्त करीत आले आहेत. नव्याचे धाडस करण्यासाठी जो आधार लागतो, तो तेथेही नाही.

वणी परिसराची स्वतःची नृत्यसंपदाही आहे. मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या तालुक्यांतील कोलाम पोडांवर आणि गोंडांच्या वस्त्यांत दंडार नाचली जाते. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. त्या नृत्यातील गोलाकार हालचाल, वाद्यांशी बांधलेली पावले आणि समूहाची शिस्त यांकडे कोणी जाणत्याने पाहिले, तर त्याला अभिजात म्हणण्यास संकोच वाटणार नाही. पण या कलावंतांना बोलावले जाते कधी? मंत्र्याच्या स्वागताला. मोटार येईपर्यंत तासन्‌तास उन्हात उभे करायचे, दोन मिनिटे नाचवायचे, मंत्र्याने डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून छायाचित्र काढून घ्यायचे, आणि मग एका जेवणाच्या पुड्यावर बोळवण करायची. मुंबईच्या रंगमंचावर येणाऱ्या नर्तकाला करार असतो, मानधन असते, विमा असतो. पोडावरच्या नर्तकाला यांतील काहीच नसते, कारण त्याचे नाचणे हे श्रम आहेत असे कोणी मानतच नाही.

हा आरोप केवळ सत्ताधाऱ्यांवर करून चालणार नाही. पुरोगामी चळवळीनेही आपल्या कलापथकांशी फार वेगळे वर्तन केलेले नाही. एके काळी राष्ट्र सेवा दलाचे कलापथक ही महाराष्ट्राची शान होती. वसंत बापट यांच्यासारखा कवी, लीलाधर हेगडे यांच्यासारखा शाहीर आणि त्यांच्याबरोबर शेकडो तरुण-तरुणी. ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’ यांसारख्या कार्यक्रमांनी मध्यमवर्गीय घरांतील मुलींना रंगमंचावर आणले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतील नृत्ये मराठी माणसाला दाखविली. निळू फुले आणि राम नगरकर त्याच चळवळीने दिले. दुसऱ्या बाजूला अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगार वस्त्या जागविल्या. पुढे या पथकांना उतरती कळा लागली. कारणे अनेक आहेत; पण एक कारण चळवळीने स्वतःशी कबूल केले पाहिजे. पुढारी येईपर्यंत सभा थोपवून धरणे, एवढेच काम हळूहळू पथकांकडे उरले. गाणे रंगात आले असता ‘साहेब आले’ म्हणून ते मध्येच तोडले गेले. ज्या चळवळीला कला ही सभेची तुतारी वाटते, तिच्याकडे कलावंत फार काळ थांबत नाहीत.

मग करावयाचे काय? वणीसारख्या गावी बॅले कंपनी आणून एक झगमगाटी रात्र साजरी करणे हा काही कार्यक्रम नव्हे. कार्यक्रम असा असावा की, जो उद्या मागता येईल आणि मोजता येईल.

पहिली मागणी शासनाकडे. ज्या नृत्य वा नाट्यसंस्थेला सार्वजनिक अनुदान किंवा सवलतीची जागा मिळते, तिने आपल्या हंगामातील किमान एक-दशांश प्रयोग तालुक्याच्या गावी केलेच पाहिजेत, आणि त्यांचा प्रवासखर्च शासनाने वेगळा द्यावा. वस्तू व सेवा कराच्या कायद्याखालील सवलतींत बॅलेचा नावानिशी उल्लेख आहे; नृत्य-नाट्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर नाही. सवलतीचा हेतू जर सामान्य प्रेक्षक हा असेल, तर प्रयोग त्याच्या गावापर्यंत जाणे हेही त्या हेतूतच येते.

दुसरी मागणी कोळसा कंपनीकडे. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून या भागातील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत. ती सार्वजनिक मालमत्ता आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावयाचे असतात. त्या कार्यांच्या यादीत कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचा विकास यांचा समावेश आहे, आणि कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. पाणी, दवाखाना आणि शाळा यांचा हक्क पहिला, यात शंका नाही. पण त्या शाळांत एक नृत्यशिक्षक आणि एक संगीतशिक्षक नेमणे याला कितीसा पैसा लागतो? खाणग्रस्त गावांतील शाळांसाठी अशा शिक्षकांची मागणी ग्रामसभांनी ठराव करून केली पाहिजे.

तिसरी मागणी दंडारीच्या कलावंतांसाठी. सरकारी वा सार्वजनिक कार्यक्रमात बोलाविलेल्या प्रत्येक कलावंताला ठरलेले मानधन, प्रवास आणि विश्रांतीची जागा मिळाली पाहिजे, आणि त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापले गेले पाहिजे. चळवळीने याचा आरंभ स्वतःच्या सभेपासून करावा. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

चौथे काम मागणीचे नव्हे, कर्तव्याचे आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या गावात वर्षातून एक लहानसा हंगाम भरवावा. तीन रात्री पुरेत. एका रात्री पोडावरची दंडार, एका रात्री झाडीपट्टीचे नाटक, एका रात्री बाहेरून आलेला शास्त्रीय वा आधुनिक नृत्याचा संच. तिन्ही एकाच मंचावर, एकाच मानाने, आणि मध्ये कोणाचेही भाषण नाही. तिकीट ठेवावे, पण मजुराच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीहून ते फार कमी असावे. हिशेब गावासमोर फळ्यावर लिहावा. तूट आली तर ती वर्गणीने भरावी.

आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःसाठी, ही कामगार चळवळीची जुनी मागणी आहे. पहिल्या दोहोंसाठी चळवळ लढली आणि काही अंशी जिंकली. तिसऱ्या आठ तासांचे काय करायचे, हा प्रश्न तिने बाजारावर सोडला, आणि बाजाराने तो काळ कामगाराच्या हातातील मोबाईलला विकून टाकला. हे तास परत मिळवायचे असतील तर त्यांत भरण्यासारखे काहीतरी चळवळीपाशी असले पाहिजे. ज्या वणीत लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म झाला, त्या गावाला सार्वजनिक कार्याची परंपरा नव्याने शिकविण्याची गरज नाही. रब्बीची पेरणी आटोपली, की थंडीच्या दिवसांत तीन रात्री निघतात. मंडपवाल्याला विचारून खर्चाचा अंदाज काढणे, एवढ्यानेच या कामाला आरंभ होऊ शकेल.